सतरा नंबरचा टाका

सुंदराबाईंना मी सहा वर्षं ओळखतो, आणि या सहा वर्षांत त्या माझ्याशी मोजून पंचवीस वाक्यं बोलल्या असतील. त्यातलं शेवटचं मला लागलं. ते कसं, ते सांगतो.

कात्रजच्या पुढे कोंढव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका गोदामाच्या मागे आमची पत्र्याची शेड आहे. तिथे नौदलासाठी लाईफ जॅकेटं शिवली जातात. पुण्यात समुद्र कुठला, असं विचारणाऱ्यांना आम्ही उत्तर देत नाही. पुण्यात काय काय नाही याची यादी करायला बाहेरून येणारे पुष्कळ आहेत. शेड पृथ्वीराजदादांची. त्यांच्या वडिलांची शेती होती, ती सोसायट्यांखाली गेली, आणि उरलेल्या तुकड्यावर दादांनी ही शेड टाकली. दादा फार सभ्य माणूस. चांगल्या मूडमध्ये असले की सगळ्यांना अरे-तुरे करतात, आणि रागावले की 'आपण' म्हणतात. शेडमध्ये 'आपण' ऐकू आलं की बायका माना खाली घालून मशीन जोरात चालवायला लागतात.

मी तिथला तपासनीस. खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन घरी बसलो तर बायको मलाच तपासायला लागली, म्हणून इथे आलो. शेडमध्ये सगळे मला आगाशेकाका म्हणतात. काम साधं. प्रत्येक बाईला एक नंबर. जॅकेट शिवून झालं की आतल्या घडीवर ती आपल्या नंबराचा शिक्का मारते, आणि त्याच्या खाली मी सही करतो. शिक्क्याचा अर्थ, हा माझा हात. सहीचा अर्थ, मी हे ओढून पाहिलंय.

सुंदराबाईंचा नंबर सतरा. मूळच्या लोणी काळभोरच्या, लग्न होऊन कात्रजला आलेल्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, चष्म्याची एक काडी जॅकेटाच्याच केशरी दोऱ्याने बांधलेली. शेडमध्ये एक जाड सुईचं जुनं मशीन आहे. त्याला बायका रेडा म्हणतात, कारण ते अडून बसतं आणि हाकणाऱ्याचा जीव काढतं. तो रेडा फक्त सुंदराबाईंचं ऐकायचा.

रेड्याचं काम एकच, पण तेच महत्त्वाचं. जॅकेटाला मागे एक पट्टा असतो. समुद्रात पडलेल्या माणसाला त्या पट्ट्याला धरून वर ओढतात. तो जिथे जोडलेला असतो तिथे चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली मारायची. नुसता चौकोन दिसतो झकास, पण अंगाचा भार आला की उसवतो. वरून कापडाचा तुकडा बसतो, त्यामुळे आत फुली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. कळतं ते फक्त ओढून.

म्हणून सुंदराबाई प्रत्येक जॅकेट जमिनीवर टाकायच्या, त्याच्यावर पाय द्यायच्या आणि पट्टा दोन्ही हातांनी धरून अंगातलं सगळं बळ लावून ओढायच्या. मग शिक्का. मी एकदा थट्टेने म्हटलं, बाई, तपासायला मला ठेवलंय, तुम्ही कशाला कंबर मोडून घेता? त्या म्हणाल्या, "तुम्ही तपासा की. म्या माझ्यापुरतं बघती."

त्यानंतर मी थट्टा केली नाही.

आता शेडमधली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथून सुरू होतं. दादांचा नियम असा की महिन्याचा आकडा भरला नाही तर मशीन दुसरीला. त्यामुळे एखादीच्या घरी आजारपण आलं की बाकीच्या बायका तिचा वाटा उचलतात. आपापलं काम संपवून तिची जॅकेटं शिवतात आणि त्यांच्यावर तिच्याच नंबराचा शिक्का मारतात. दादांना कळत नाही, तिची जागा राहते. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण शेडमधली एकही बाई ती मोडत नाही. मला ती फार आवडायची. घरी जेवताना बायकोला कौतुकाने सांगायचो.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सुंदराबाईंचे यजमान आजारी पडले. नाव रावसाहेब, काम डेअरीच्या दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हरचं. एकोणीस दिवस बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात होत्या. इकडे त्यांची चाळीस जॅकेटं व्हायची राहिली होती. हेमा म्हणून एक चटपटीत बाई आहे, नंबर तेवीस, तिने पुढाकार घेतला. चाळीसही जॅकेटं झाली, पण पट्ट्यापाशी गाडं अडलं. रेड्यावर बसली तर सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. तेव्हा हेमाने साध्या मशीनवर चौकोन दोनदा फिरवला, फुली सोडून दिली, वरून कापड बसवलं आणि सतराचा शिक्का मारला.

मी तिथेच उभा होतो. हेमाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आणा इकडे. आणि एकही पट्टा न ओढता चाळीस सह्या केल्या. कारखान्यात एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं, ते त्या दुपारी केलं. आणि मला वाटलं, मी किती दयाळू.

रावसाहेब गेले. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी सुंदराबाई कामावर आल्या तेव्हा माल रवाना झाला होता. त्यांनी एवढंच विचारलं, रेडा कुणी चालवला? हेमा म्हणाली, सगळ्यांनी मिळून. सुंदराबाईंनी सगळ्यांसमोर हात जोडले आणि मशीनवर बसल्या. नवरा गेला, मूलबाळ नाही, भाऊ विचारत नाहीत. तेव्हापासून त्यांना या जगात सतरा नंबर आणि तो रेडा एवढंच होतं.

मागच्या हिवाळ्यात नौदलाकडून पत्र आलं. माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांतल्या लोकांना एक दिवस युद्धनौकेवर पाहुणे म्हणून बोलावलं होतं. आम्हाला चार जागा मिळाल्या. दादा, त्यांच्या मिसेस प्रियदर्शनीताई, मी, आणि 'जिच्या हातचं काम आहे' अशी एक कारागीर. दादांनी सुंदराबाईंना निवडलं. कामासाठी निवडलं असं मला आधी वाटलं. मग प्रियदर्शनीताईंनी सुंदराबाईंना नऊवारी नेसून यायला सांगितलं, तेव्हा कळलं की फोटोसाठी निवडलंय. रोज गोल साडी नेसणारी बाई कुणाची तरी नऊवारी मागून आणून पहाटे गाडीत बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांना पुरेल एवढी.

समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. सहा वर्षं समुद्रासाठी शिवत होत्या, पण त्यांच्या ओळखीचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कात्रजचं तळं. धक्क्यावर उभं राहून बराच वेळ बघितल्यावर म्हणाल्या, "लई हाय." मग विचारलं, आपलं जॅकेट घातलेला माणूस यात किती वेळ तरंगतो? मी म्हटलं, दिवसभर. त्या स्वतःशीच मान हलवत राहिल्या. त्यांना अभिमान वाटला होता, आणि तो त्यांना लपवता येत नव्हता.

युद्धनौका लांब पाण्यात नांगरलेली होती. तिथपर्यंत छोट्या बोटीने जायचं होतं, म्हणून खलाशांनी प्रत्येकाला जॅकेट दिलं. सुंदराबाईंनी सवयीने आतली घडी उलटी केली. सतरा. त्यांनी ती मला दाखवली आणि हसल्या. रावसाहेब गेल्यानंतर त्यांना हसताना मी प्रथमच पाहत होतो. शिक्क्याची पक्की शाई जशीच्या तशी होती. खाली माझी सही होती तिथे फिकट निळा डाग उरला होता. बॉलपेनची सही, खाऱ्या पाण्याने धुऊन गेली होती.

मग त्यांनी पट्टा ओढला. सहज, हातानेच. आणि हसणं थांबलं. पट्ट्याच्या मुळाशी बोट घालून चाचपलं. शिवणकाम करणाऱ्या बायकांना एकमेकींचा टाका अक्षरासारखा ओळखता येतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहू लागलो. बोटीतले सगळे समुद्राकडेच पाहत होते, त्यामुळे ते विचित्र दिसलं नाही.

युद्धनौकेचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना हवं त्यांनी दादांचा मोबाईल बघावा, त्यात तीनशे फोटो आहेत. आम्हाला फिरवायला सलिल नावाचा तरुण अधिकारी होता, आपल्या सहकारनगरचाच. गोड मुलगा. सुंदराबाईंना काकू म्हणत होता, उभ्या शिड्यांवर हात देत होता. त्याने तोफ दाखवली, नकाशे दाखवले, कप्तान उभे राहतात ती जागा दाखवली. दादांनी सुंदराबाईंना तोफेशेजारी उभं करून, पदर नीट करायला सांगून फोटो काढले. त्या उभ्या राहिल्या. जेवायला बसल्या, पण घास घेतला नाही. दशम्यांची पिशवी तशीच राहिली.

जेवणानंतर त्या दिसेनात. शोधत डेकवर गेलो तर सगळ्या पाहुण्यांची काढून ठेवलेली जॅकेटं जिथे रचली होती, तिथे नऊवारीत मांडी घालून बसल्या होत्या आणि एकेक घडी उलटून बघत होत्या. बाजूला नऊ जॅकेटं वेगळी काढली होती. सगळी सतरा नंबरची, फुली नसलेली.

मला बघून म्हणाल्या, हा टाका माझा नाही. मी म्हटलं, माहीत आहे. आज पाहुणे म्हणून आलोय, आज विषय नको, पुण्याला जाऊन दादांशी बोलू. त्या पुढची घडी उलटू लागल्या, तेव्हा मी शहाणपणाची मात्रा वाढवली.

"बाई, तोंड उघडलंत तर नंबर तुमचा आहे. जागा तुमची जाईल."

हे मी त्यांच्या भल्यासाठी म्हणत होतो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पट्ट्याची चौकशी झाली असती तर सहीचीही झाली असती.

तेवढ्यात पाहुण्यांना डेकवर बोलावलं. पाण्यात पडलेल्या माणसाला कसं वर काढतात याचं प्रात्यक्षिक होतं. एक खलाशी, असेल वीस-बावीस वर्षांचा, बोटीतून पाण्यात उडी मारणार होता आणि दुसरे त्याला पट्ट्याला धरून वर ओढणार होते. प्रियदर्शनीताईंनी व्हिडिओसाठी मोबाईल सरसावला. तो खलाशी धावत आला, आणि सुंदराबाईंनी बाजूला काढलेल्या नऊ जॅकेटांतलंच वरचं उचललं.

सुंदराबाईंनी ते धरलं. त्याला वाटलं, काकू गंमत करताहेत. तो हसून ओढू लागला, त्या सोडेनात.

"ह्ये घालू नगं बाळा," त्या म्हणाल्या.

सलिल धावत आला. दादाही आले. सुंदराबाईंनी कुणालाच काही समजावलं नाही. जॅकेट डेकवर टाकलं, नऊवारी वर खोचली, त्याच्यावर पाय दिला आणि शेडमध्ये ओढायच्या तसा पट्टा ओढला. पहिल्या हिसक्याला टाका करकरला. दुसऱ्याला पट्टा त्यांच्या हातात आला.

सलिलने पट्टा हातात घेतला, उसवलेली जागा पाहिली. चांगल्या घरचा मुलगा, आवाज चढवला नाही.

"काकू, हे कुणी शिवलंय?"

त्यांना ठाऊक होतं. टाका हेमाचा होता, हे त्यांना बोटीतच कळलं होतं. एक नाव घेतलं असतं तर सुटल्या असत्या. पण ते नाव घेणं म्हणजे ज्या बायकांनी आपल्या वाईट दिवसांत वाटा उचलला, त्यांना चव्हाट्यावर आणणं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मला म्हणायला आवडतं.

"सतरा नंबर," त्या म्हणाल्या. "माझा नंबर हाय."

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी न ओढता सही केली, एवढंच. ते जिभेवर आलं होतं. पण सलिलने सहीचं विचारलंच नाही, कारण सही दिसतच नव्हती. न विचारता सांगण्याइतका मी शूर नाही.

नौदलाच्या लोकांचं वागणं मात्र शोभण्यासारखं होतं. कप्तान स्वतः आले. त्यांनी सुंदराबाईंना आपल्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले की आज तुम्ही आमचं एक माणूस वाचवलंत. सुंदराबाईंनी सांगितलेली त्या खेपेची चाळीसही जॅकेटं त्याच दिवशी वापरातून काढली आणि नीट करायला परत पाठवायचं ठरलं. दंड नाही, बोलणी नाहीत. आमच्या हातात नौकेचं चित्र असलेली एकेक पाटी देऊन मानाने निरोप दिला.

परतीला निघालो. लोणावळ्याला दादांनी गाडी थांबवून चिक्की घेतली, सुंदराबाईंनाही एक पुडा दिला. मला वाटलं, निभावलं. कात्रजला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्या उतरल्या तेव्हा दादांनी काच खाली केली.

"सुंदराबाई, आपण खूप थकलात. उद्यापासून आपण विश्रांती घ्या."

त्यांनी मान डोलावली. चिक्कीचा पुडा मागच्या सीटवर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बातमी पसरली. हेमा रडली, अकराच्या चहापर्यंत रडली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, चोर सोडून संन्याशाला सुळी झाली, जाऊन दादांना खरं सांग. ती डोळे पुसून म्हणाली, "सांगते. काका, तुम्ही पण सांगा. दोघं जाऊ." मी म्हटलं, बघू. आणि चहा प्यायला गेलो. त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघंही बोललो नाही. बाकीच्या बायकाही बोलल्या नाहीत. वाटा उचलायची रीत कामापुरती होती, आळ वाटून घ्यायची नव्हती.

पंधरा दिवसांनी युद्धनौकेवरून पत्र आलं. सुंदराबाईंच्या नावाने, शेडच्या पत्त्यावर. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, खाली कप्तानांची सही. दादांनी त्याला काचेची चौकट करून ऑफिसात, स्वतःच्या खुर्चीमागे लावलं. कुणी आलं की दाखवतात. प्रामाणिकपणा ही आमच्या शेडची परंपरा आहे, म्हणतात. परंपरा कात्रजलाच संतोषनगरच्या एका खोलीत बिनकामाची बसली होती, हे सांगायची पद्धत नाही.

सुंदराबाई एकदा आल्या. हांडेवाडीला पिशव्या शिवायचं एक काम होतं, तिथे दाखवायला ते पत्र हवं होतं. दादा म्हणाले, आपलंच आहे, पण चौकट काढली तर भिंत वाईट दिसेल. त्यांनी झेरॉक्स दिली. तीत नौदलाच्या बोधचिन्हाचा नुसता काळा गोळा आला होता. हांडेवाडीच्या मालकाने ती बघून विचारलं, एवढी प्रामाणिक बाई तर तिथून काढलं कशाला? त्यांना काम मिळालं नाही.

मग ती चाळीस जॅकेटं परत आली. टाके उसवून, फुलीसकट पुन्हा शिवायची होती. शेडमधल्या भाग्यश्रीने रेड्यावर बसून पाहिलं, वेणूबाईंनी पाहिलं. हेमा जवळसुद्धा गेली नाही. चार सुया मोडल्यावर दादा मला म्हणाले, काका, जरा बघा, सुंदराबाई चार दिवस रोजंदारीवर येते का. पण शिक्का सतराचा नको, तो नंबर आता बदनाम झालाय, तेवीसचा मारा.

मी संतोषनगरला गेलो. निरोप जसाच्या तसा सांगितला, शिक्क्याचं सुद्धा. वाटत होतं, दारातून हाकलतील. हाकललं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, सगळी चाळीस आलीत ना? मी हो म्हटलं. म्हणाल्या, येते.

चार दिवस त्या आल्या. हेमा खाली मान घालून शिवत होती. एकदा तिने चहाचा कप रेड्याशेजारी नेऊन ठेवला, तो सुंदराबाईंनी प्यायला. रागावलेल्या नव्हत्या, निदान दिसत नव्हत्या. एकेक जॅकेट झालं की जमिनीवर टाकायच्या, पाय द्यायच्या, ओढायच्या. मग हेमाचा तेवीस नंबरचा शिक्का उचलून मारायच्या.

चौथ्या दिवशी पाच वाजता चाळीसही जॅकेटं त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. एरवी ठेवून जायच्या, त्या दिवशी समोर उभ्या राहिल्या. मी वरचं जॅकेट घेतलं आणि पट्टा ओढला. पायाखाली घेऊन, पूर्ण जोर लावून ओढला. टाका तसूभर हलला नाही. मी खिशातून बॉलपेन काढलं.

सुंदराबाईंनी खोक्यांवर नाव घालायचं जाड काळं पेन पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवलं.

"ह्यानं करा काका," त्या म्हणाल्या. "ह्ये पान्यानं जात न्हाई."

म्हणजे बोटीतच त्यांनी पाहिलं होतं. तो निळा डाग, आणि तो कुणाचा तेही. डेकवर माझंही नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

मी चाळीस पट्टे ओढले आणि चाळीस सह्या केल्या. वर तेवीस नंबर, खाली माझं नाव. शेवटची सही होईपर्यंत त्या उभ्या होत्या, मग पेनाला टोपण लावलं, पिशवी उचलली आणि गेल्या.